नावावरचा रुमाल

"नावाकडे बघायचं नाही," निरगुडकर सर म्हणाले आणि त्यांनी खिशातला पांढरा, इस्त्रीचा रुमाल काढून पुतळ्याखालच्या पितळी पाटीवर टाकला. "नाव वाचलं की माणूस बघायचं सोडतो. आधी बघा, मग बोला."

माणसं कौतुकानं हसली. नगरपालिकेची बाग, रविवारची सकाळ, माघातलं कोवळं ऊन. समोर चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसलेली. दोन वकील, डॉक्टरांच्या बायका, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, बँकेतले एक साहेब. चित्र कसं बघावं, शिल्प कसं बघावं, याचा वर्ग सर दरवर्षी गावकऱ्यांसाठी घेत. आम्ही कला महाविद्यालयाचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी खुर्च्या मांडायला. शेवटचा वर्ग नेहमी या बागेत व्हायचा, गोदूताईंच्या पुतळ्यासमोर, कारण तो पुतळा सरांचा होता. पाटीवर तसं कोरलेलंच होतं, शिल्पकार शरच्चंद्र निरगुडकर.

गोदूताईंनी गावात मुलींची पहिली शाळा काढली. पुतळ्यात त्या बसलेल्या आहेत, मांडीवर पाटी, आणि किंचित पुढं वाकलेल्या. एखादी बुजरी पोरगी उत्तर देतेय आणि बाई कान देऊन ऐकतायत, असं वाटतं. चांगला आहे पुतळा. तेव्हाही मला तो चांगलाच वाटायचा, तेच तर दुखणं होतं.

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला शाडूचा गोळा, चांगला दोन किलोचा. आणि शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर माझे अप्पा बसले होते. तातोबा कुंभार, गणपती करणारे. धुतलेला सदरा, टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात. 'आमचा वर्ग बघायला या' असा निरोप पाठवून मी त्यांना आमच्या खेड्याहून बोलावून घेतलं होतं. पिशवीत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मी त्या दिवशी सरांचं तोंड काळं करणार होते. चाळीस माणसांसमोर. महिनाभर रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, फार गोड दिवस गेले ते. आई म्हणायची, रतन डूख धरते. धरते तर धरते.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी आम्हाला गोदूताईंच्या पदराच्या चुण्यांचं रेखाटन करायला दिलं होतं. मी कागद घेऊन पुतळ्यासमोर बसले. ब्राँझवर बोटांचे, कोरणीचे फटकारे जसेच्या तसे दिसतात. मातीत मारलेला ओरखडा साच्यात उतरतो, साच्यातून धातूत उतरतो, काही लपत नाही. वर्तमानपत्रांनी त्याच फटकाऱ्यांची तारीफ केली होती, काय जिवंत पोत आहे म्हणून. मी ते फटकारे पेन्सिलीनं उतरवायला गेले आणि माझा हात अडखळायला लागला. पुन्हा केलं, पुन्हा अडखळला. पाचव्यांदा लक्षात आलं. सगळे फटकारे डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरत होते. माझा हात उजवा, त्याला ती वाट उलटी पडत होती.

उजव्या माणसाची रेघ उजवीकडून डावीकडे उतरते, डावऱ्याची डावीकडून उजवीकडे. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. कुणी? निरगुडकर सरांनीच. वहीतून वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते वाचलं, मी ते शिकले, एवढाच आमच्यात फरक.

आणि सर उजवे होते. लिहायला, जेवायला, खडू फेकून मारायला, सगळ्याला उजवे.

मी उठून पुतळ्याच्या तोंडाजवळ गेले. कठड्यावर चढून डोळे बघितले. डोळ्यांपाशी मात्र फटकारे सुलटे होते. फक्त डोळ्यांपाशी. अंगाखांद्याला डावरा आणि डोळ्यांना उजवा असा हात मी जगात एकच बघितला होता.

अप्पा जन्माचे डावरे. पण गणपती करणाऱ्याचा हात डावरा असला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. बाकीची मूर्ती कोण कशी करतो ते कुणी बघत नाही, पण डोळे आखताना लोक समोर उभे राहतात, हात जोडून. देवाला डाव्या हातानं दृष्टी दिलेली कशी चालेल? आजोबांनी वेताच्या छडीनं मारमारून अप्पांना डोळ्यांपुरता उजवा हात शिकवला होता. तेवढंच काम ते उजव्यानं करायचे. गणपती असो, बैल असो, माझी बाहुली असो, डोळे उजव्या हातानं. एरवी त्या हातानं त्यांना भाताचं शीतही धड धरता यायचं नाही.

मी पहिल्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात अप्पा चार महिने सरांच्या स्टुडिओत राहिले होते. मला म्हणाले होते, "सरांचा मोठा पुतळा हाय, त्याचा साचा काढायचाय." साच्याला चार महिने लागतात होय? पण मी तेव्हा वसतिगृहाच्या, नव्या मैत्रिणींच्या नादात. माझ्या डोक्यात शंकासुद्धा आली नाही. त्याचा राग मला आजपर्यंत येतो, स्वतःचा.

"हं, कोण बोलतं?" सरांनी विचारलं. "काय दिसतं?"

वकील म्हणाले, करुणा दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वात्सल्य. सर मान डोलवत होते. मी हात वर केला.

"सर, मला हात दिसतो." माझा आवाज पुढच्या रांगेपलीकडे गेला नाही.

"मोठ्यानं बोल, मागं ऐकू येत नाही."

"करणाऱ्याचा हात दिसतो," मी ओरडलेच. "आणि तो डावा आहे."

सर हसले. "अरे वा. ही आमची रत्नमाला. तिसऱ्या वर्षाची. बोल, बोल."

मग मी बोलले. पदर दाखवला, खांदा दाखवला, फटकाऱ्यांवरून बोट फिरवून दाखवलं. बँकेचे साहेब उठून जवळ आले, वाकून बघायला लागले. "अहो खरंच की," ते म्हणाले. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, पण त्यांनी खिशात रुमाल शोधला. रुमाल पाटीवर होता.

"हुशार मुलगी आहे," सर लोकांकडे वळून म्हणाले. "पण अर्धंच बघितलंस तू. डोळ्यांकडे बघ. काय दिसतं? उजवा हात. कलावंत दोन्ही हातांनी काम करतो, बाळ. रसग्रहणात घाई नसावी."

लोक हसले. मला तेच हवं होतं. त्यांनी डोळ्यांचा विषय काढावा म्हणूनच मी तो काढला नव्हता.

"मग सांगा ना सर, डोळेच का उजव्या हातानं?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"नाही ना माहीत? मी सांगते. आमच्या घरी देवाचे डोळे उजव्यानं करतात म्हणून. हे काम तुमचं नाहीच. हा पुतळा माझ्या अप्पांनी केलाय. ते बघा, तिथं बसलेत."

चाळीस माना वळल्या. अप्पा खुर्चीत आक्रसले. मी पिशवीतून गोळा काढला, गोणपाट सोडलं आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या समोरच्या टेबलावर तो थाडकन ठेवला. हार-नारळाच्या ताटाशेजारी.

"अप्पा, या. एक कान करून दाखवा. कान करायला काय लागतं तुम्हाला, दोन मिनिटं. कुठल्या हातानं करता ते बघू दे सगळ्यांना."

सर पांढरेफटक पडले होते. काय सुख होतं त्यात! मी त्यांच्याकडेच बघत राहिले, अप्पांकडे नाही. तिथंच चुकले.

अप्पा उठले. हळूहळू चालत टेबलापाशी आले. माझ्याकडे एकदा बघितलं, सरांकडे एकदा, मग पुतळ्याकडे जरा जास्त वेळ. सदऱ्याला दोन्ही हात पुसले. आणि उजवा हात पुढं करून त्यांनी माती उचलली.

"अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. उजव्या हाताची बोटं मातीत रुतवली. दाबली, ओढली. मातीला चीर गेली. त्यांनी ती थुंकीनं बुजवली, पुन्हा चीर गेली. लोक पुढं वाकून बघत होते. शेवटी टेबलावर जे तयार झालं त्याला कान म्हणायचं की मोडलेली पुरी, कुणालाच कळलं नसतं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले.

"मला एवढंच येतं," अप्पा म्हणाले. "आमी गनपतीवाली मानसं. साच्यात माती भरायची नि काढायची." मग सरांपुढं त्यांनी हात जोडले. "पोरीला माफ करा, सर. लई हूड हाय. तिला आपलं वाटतं, बापच सगळं करतोय."

सरांचा रंग परत आला. त्यांनी पुढं होऊन अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "तातोबा आमचे साचे काढणारे. फार सज्जन माणूस. आणि मुलीला वडिलांचा अभिमान असणं यात गैर काय आहे? आपण सगळ्यांनी तिला माफ करू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, सरांच्या मोठ्या मनासाठी. मी तिथं उभी राहून त्या टाळ्या ऐकल्या, शेवटच्या टाळीपर्यंत.

एस्टी स्टँडवरच्या हॉटेलात अप्पांनी दोन चहा सांगितले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही.

"पी," ते म्हणाले.

"लाज नाही वाटली तुम्हाला?" मी म्हटलं. बापाला असं बोलतात का? पण मी बोलले. "माझं हसं करून घेतलंत. स्वतःचं करून घेतलंत. त्या चोराला हात जोडलेत!"

"वाटली की. लाज वाटली. माती बी लाजली आसंल." त्यांनी बशीत चहा ओतला, डाव्या हातानं. मला रडूच कोसळलं.

"मग का केलंत?"

त्यांनी बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली.

"तू कालेजात गेलीस ती यादी कुनी बघितली होती?"

"कुणी म्हणजे? सरांनी सांगितलं होतं. प्रवेशपरीक्षेत मातीकामात मी पहिली आले होते."

"सांगितलं आसंल. मी यादी बघाया गेलो होतो. फळ्यावर लावली होती. दोनदा वाचून घेतली एका मास्तराकडनं. तुझं नाव त्यात नव्हतं, रतन."

मी कप बाजूला सारला.

"चित्रकलेत नापास झालतीस. मी सरांकडं गेलो, पायाच पडलो. ते म्हनले, बघू. मग मला आत घेऊन गेले. आत त्यांचा पुतळा होता, म्हंजे व्हायचा होता. आतला सांगाडा कच्चा, सळया बारीक, सगळी माती पोटाकडनं घसरून खाली आल्याली. सहा महिन्यांत पडदा उघडायचा, नि ह्यो ढीग. ते म्हनले, तातोबा, तुमच्या हातानं हुतंय का बघा. पोरगी पाच वर्सं शिकंल. पन तोंड उघडायचं न्हाई, तुमी न्हाई आन् तुमच्या घरातल्या कुनी न्हाई. मी शब्द दिला."

स्टँडवर कंडक्टर कुठल्याशा गाडीच्या नावानं ओरडत होता. मी पहिली आले नव्हते. मी आलेच नव्हते. अडीच वर्षं मी ज्या बाकावर ताठ बसत होते तो बाक अप्पांनी चार महिने माती मळून मला आणून दिला होता.

"मी नाही शिकत आता," मी म्हटलं. "आजच सोडते. मग जाऊन सगळ्यांना सांगते."

"सांग की. पुतळा बी गेला, शिकनं बी गेलं. मग चार महिने मी काय मशीचं दूध काढत होतो?" अप्पा पहिल्यांदा चिडले. मग आवाज खाली आला. "आपन मूर्तीखाली नाव कधी घातलंय का पोरी? धा दिस ठेवायचं, आन् पान्यात सोडून द्यायचं."

"ही मूर्ती पाण्यात जाणार नाही, अप्पा! शंभर वर्षं उभी राहील! शंभर वर्षं त्याचं नाव!"

अप्पा बोटावर वाळलेला मातीचा पापुद्रा नखानं काढत बसले. त्यांनाही ते लागलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. ते सोसून बसले होते एवढंच, त्यांना राग नव्हता असं नाही. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलायचं न्हाई असं ठरलंय."

"कळलं."

"तुला न्हाई कळलं. बोलायचं न्हाई, एवढंच ठरलंय. लोकांना बघाया शिकवायचं न्हाई, असं कुटं ठरलंय?" आणि हसले. असं हसताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. माझा डूख धरायचा स्वभाव कुणाकडून आला ते मला त्या हॉटेलात समजलं.

मी परत गेले. सरांची माफी मागितली, खाली मान घालून. पाच वर्षं पुरी केली. चित्रकलेत नापास झालेली पोरगी शेवटच्या वर्षी खरोखर पहिली आली आणि ती यादी मी स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा वाचली. मग गोदूताईंच्याच शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून लागले. बाहेर चांगल्या नोकऱ्या मिळत होत्या, एका ठिकाणी तर दुप्पट पगार. मी गाव सोडलं नाही. मला त्या पुतळ्याजवळ राहायचं होतं.

सर निवृत्त झाले त्या वर्षी वाचनालयाचे लोक विचारत आले, रसग्रहणाचा वर्ग कोण चालवणार? मी चालवीन, म्हटलं. मानधन नको. फक्त शेवटचा वर्ग बागेत, गोदूताईंसमोर, जसा सरांचा व्हायचा तसाच.

दरवर्षी मी पाटीवर रुमाल टाकते. "नावाकडे बघायचं नाही," म्हणते. "आधी बघा, मग बोला." मग उजव्या माणसाची रेघ कशी उतरते आणि डावऱ्याची कशी, ते खडूनं दाखवते. आणि गप्प बसते. लोक उठतात, पुतळ्याला हात लावतात, पदरावरून, खांद्यावरून बोटं फिरवतात. कुणीतरी म्हणतंच, हा डावरा होता. मग कुणीतरी म्हणतं, पण डोळे उजव्याचे. असं का हो, बाई? मी म्हणते, घरी जाऊन विचार करा. रुमाल काढते, खिशात घालते आणि निघून जाते. त्यांनी नाव वाचायचं की नाही, ते त्यांच्यावर.

मी कधी कुणाला काही सांगितलं नाही. एक अक्षर नाही. पण बावीस वर्षांत आठशे माणसं त्या वर्गातून गेली, आणि आमचं गाव केवढंसं. निरगुडकर सरांना सरकारी पुरस्कार मिळाला तेव्हा नाट्यगृहात सत्कार झाला. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. शाल घ्यायला, पाहुण्यांच्या वहीत सही करायला सरांनी हात पुढं केला की माणसं चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. सरांनाही ते दिसलं. भाषण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून केलं. मी घरी येऊन अप्पांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पाठीमागं व्हय?" आणि मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं.

त्यानंतर सर बागेत फिरायला यायचे बंद झाले. अप्पाही गेले. शेवटपर्यंत त्यांनी शब्द पाळला. नाव काही त्यांना मिळालं नाही. लोक म्हणतात माणूस गेला की राग निवतो. माझा निवला नाही, वाढला.

गेल्या माघात वर्गाच्या आदल्या दिवशी सर माझ्या घरी आले. रिक्षातून, काठी टेकत, एकटेच. ब्याऐंशी वर्षांचे. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुला काय पाहिजे, रत्नमाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"नोकरीत होतो तेव्हा तुला काही कमी केलं मी?"

"नाही. सगळं रीतसर केलंत."

"मग हे थांबव आता. माझे किती दिवस राहिलेत?"

"उद्या शेवटचा वर्ग आहे," मी म्हटलं. "या की. तुमचाच वर्ग आहे तो. तुम्ही समोर बसलात तर लोकांचं तोंड आपोआप बंद होईल."

हे मी खोटं बोलले. पण त्यांना ते पटलं. म्हातारपणी माणसाला सोपं तेच खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी ते आले आणि पहिल्या रांगेत बसले, इस्त्रीचा सदरा घालून, काठी उजव्या हातात धरून. नवीन लोकांपैकी बरेच त्यांना ओळखत नव्हते. मी ओळख करून दिली नाही. रुमाल टाकला, रेघा दाखवल्या, गप्प बसले.

त्या वर्षी वर्गात नलूताई होत्या, बाजारपेठेत ब्लाऊज शिवतात त्या. जरा वेळ पुतळ्याभोवती फिरून त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलं, "डावरा आहे हा. माझे मालक डावरे होते, कात्री उलटी चालायची. मला सांगायला नको." मग वर चढून बघितलं. "आणि डोळे उजव्यानं केलेत. का हो, बाई?"

"घरी जाऊन विचार करा," मी म्हटलं.

"घरी कुठं वेळ असतो मला? इथंच बघते." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी रुमाल उचलला. नाव वाचलं, मोठ्यानं. कुणीतरी मागून म्हणालं, अहो ते तर हे पुढं बसलेत ते. नलूताई वळल्या. "अगं बाई! सर, तुम्ही केलाय हा? तुम्ही डावरे होय?"

सरांची काठी उजव्या हातात होती. त्यांनी ती डाव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला, ती पडली. कुणीतरी उचलून दिली. त्यांनी ती पुन्हा उजव्याच हातात घेतली.

"मग हा कुणी केला?" नलूताईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना फक्त कळून घ्यायचं होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, आता तरी ही बोलेल, एकदाची सुटका होईल. मी बोलणार नव्हते. बोलायचं नाही असा माझ्या बापानं शब्द दिला होता आणि तो मोडायचा अधिकार जगात एकाच माणसाला होता, ज्याला तो दिला त्याला. मी टेबलाला टेकून उभी राहिले, हाताची घडी घालून. म्हातारा माणूस होता, काठीवर वाकला होता. मला दया आली नाही.

शेवटी त्यांचे ओठ हलले. टेबलापाशी मी अप्पांचं नाव ऐकलं, नलूताईंनी ऐकलं. पण बसलेली होती पस्तीस माणसं.

"मोठ्यानं बोला, सर," मी म्हटलं. "मागं ऐकू येत नाही."